समालोचन की वकिली?

जानेवारी २०२३मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग लावली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती का, एवढाच वाद होता. गेली नसेल तर गुण दोनच. पण त्या काही सेकंदांची चित्रफीत फोनाफोनी फिरली ती 'अन्याय' हा शब्द सोबत घेऊनच. अनेकांनी डाव पाहण्याआधी निवाडा ऐकला होता.

चितपट कुस्तीला सहसा निवेदकाची गरज नसते. गुणांवरची कुस्ती मात्र निम्मी शब्दांत लढली जाते. बॉक्सिंगचेही तसेच. नॉकआउट डोळ्यांना दिसतो. गुणांचा निकाल कुणीतरी समजावून सांगावा लागतो. सांगणारा कोणाच्या बाजूचा आहे, हे आपण क्वचितच विचारतो.

२९ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोम कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ३-२ अशी हरली. पहिली फेरी पाचपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिली. पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तिघांचा कौल मेरीला होता. दोन फेऱ्या जिंकून ती हरली कशी, असा संताप आपल्याकडे उसळला. पण निकाल फेऱ्या मोजून लागत नाही. फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ, अशी तिन्ही फेऱ्यांची बेरीज प्रत्येक पंचाची वेगळी होते आणि मग पाच पंचांचे पाच कौल मोजले जातात. दोन्ही फेऱ्यांत मेरीच्या बाजूचे तिघे तेच असतील असे नाही.

ही लढत मी वहीत गुण मांडत दोनदा पाहिली. समालोचन ऐकताना तिन्ही फेऱ्या मेरीला दिल्या. आवाज बंद केल्यावर पहिली व्हॅलेन्सियाला गेली, दुसरी मेरीला, तिसरीचा निर्णयच होईना. ठोसे तेच होते. समालोचकाचा स्वर चढला की ठोसा लागला, असे मी धरत होतो. ग्लोव्हजवर अडलेले ठोसेही त्यात मोजले गेले होते.

म्हणून पंच नेहमी बरोबर, असे नव्हे. १९८८मध्ये सोलला अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हूनला ८६ ठोसे लगावले, स्वतः ३२ खाल्ले. तरी ३-२ असा निकाल पार्कच्या बाजूने लागला. ती ओरड रास्त होती, कारण तिच्यामागे मोजणी होती. प्रत्येक अटीतटीच्या पराभवाला आपण लूट म्हणू लागलो, तर खरी लूट होईल तेव्हा आपले कोण ऐकेल?

बाळ ज. पंडितांचे मराठी क्रिकेट समालोचन रेडिओवर ऐकणाऱ्यांकडे शब्दांखेरीज दुसरे साधन नव्हते. आपल्यापुढे पडदा आहे, तरी आपण कानांनीच पाहतो. समालोचन हा शब्द आपण खेळासाठी वापरतो आणि ग्रंथासाठीही. एखाद्या ग्रंथाच्या समालोचकाने फक्त आपल्या मित्राची पाने वाचली, तर त्याला आपण समीक्षक म्हणत नाही. खेळाच्या समालोचकालाही तीच कसोटी लावावी: प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या ठोशाला त्याने एक पुरे वाक्य दिले का?