पडीक जमीन वाचताना : इझाबेला ट्री यांच्या ‘वाइल्डिंग’बद्दल

मे महिन्यात काकांचा फोन आला. राजापूर तालुक्यात, गावाच्या वरच्या सड्यावर आमची तीन एकर जमीन आहे. जांभ्याचा उघडा कातळ, मधूनमधून गवत, एका कडेला करवंदीची जाळी. चिरेखाण चालवणारा एक जण ती जागा पाच वर्षांसाठी मागत होता. रक्कम वाईट नव्हती.

“तुझं काय म्हणणं?” काकांनी विचारलं.

“नको देऊया,” मी म्हणालो.

“का?”

मला पटकन सांगता येईना. पावसात तिथे फुलं येतात, असं काहीतरी पुटपुटलो. काका हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “अरे, पडीकच आहे ना ती?”

योगायोग असा की त्याच आठवड्यात मी ‘वाइल्डिंग’ वाचत होतो. २०१८ साली आलेलं, गाजलेलं इंग्रजी पुस्तक. एका कुटुंबानं आपली शेती थांबवून जमीन रानाच्या स्वाधीन केली, त्याची हकिकत. पुस्तक मला आवडलं. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत वाचल्यामुळे त्यातल्या काही गोष्टी खुपल्याही. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

गोष्ट काय आहे

इंग्लंडच्या दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्ये नेप नावाची इस्टेट आहे. क्षेत्र ३५०० एकर. लेखिकेचे पती चार्ली बरेल यांना ती तरुण वयात आजी-आजोबांकडून मिळाली. माती जड, चिकण. हिवाळ्यात चिखल, उन्हाळ्यात वीट. नवी यंत्रं, खतं, दुधाचा धंदा असं सगळं करूनही शेती तोट्यातच राहिली. २००० साली त्यांनी गाई विकल्या, यंत्रं विकली आणि टप्प्याटप्प्यानं नांगर थांबवला.

पण ते नुसतं सोडून देणं नव्हतं. डच अभ्यासक फ्रान्स वेरा यांचं म्हणणं असं की युरोपचं मूळ रान म्हणजे सलग गर्द जंगल नव्हे. मोठे चरणारे प्राणी झाडं मोडत, गवत खात, माती उकरत फिरायचे आणि त्यातून कुरण, झुडूप, झाडोरा यांची सरमिसळ तयार व्हायची. ते प्राणी संपले, म्हणून नेपमध्ये त्यांच्या जागी लाँगहॉर्न गाई, एक्समूर जातीचे घोडे, टॅमवर्थ डुकरं आणि हरणं मोकळी सोडली. पुढे काय व्हावं हे आधी ठरवलं नाही. कुठली जात वाढवायची याचं लक्ष्य नाही, झाडं लावण्याचा आराखडा नाही.

काही वर्षांत ब्रिटनमधून झपाट्यानं नाहीसा होत चाललेला टर्टल डव्ह हा पारवा तिथे आला. नाइटिंगेल वाढले. ‘पर्पल एम्परर’ या दुर्मीळ फुलपाखराची देशातली सगळ्यात मोठी वसाहत तिथे झाली.

काही न घडण्याची गोष्ट

पुस्तकाची खरी ताकद सांगतो. मोकळ्या सोडलेल्या जमिनीवर बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. गवत वाढतं, काटेरी झुडपं पसरतात. ट्री यांनी यातून कथानक उभं केलंय.

उदाहरणार्थ, काटेरी ‘क्रीपिंग थिसल’ तण एकर एकर पसरतं. शेजारी संतापतात. वाचक म्हणून आपणही अस्वस्थ होतो, की आता फवारणी करावीच लागणार. मग २००९ मध्ये ‘पेंटेड लेडी’ फुलपाखरांचे थवे येतात, त्यांच्या अळ्या त्या तणावर तुटून पडतात आणि पुढच्या वर्षी तण कोसळतं. लेखिकेनं हे चमत्कारासारखं सांगितलेलं नाही. हात न लावण्यासाठी किती धीर लागला, हे त्या प्रकरणाचं खरं सूत्र आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पर्पल एम्परर हे जंगलातलं फुलपाखरू, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. नेपमध्ये ते सॅलोच्या, म्हणजे एका प्रकारच्या विलोच्या झुडपांमुळे वाढलं, कारण त्याच्या अळ्या त्या पानांवर जगतात. झुडपांची रानं सगळीकडे साफ झाली होती, म्हणून ते फक्त जंगलाच्या आसपास उरलं होतं आणि अभ्यासकांनी त्यालाच त्याचं घर मानलं. उरलेल्या जागेलाच मूळ जागा समजण्याची ही चूक पुस्तकात पुन्हा पुन्हा दाखवली जाते. आपण लहानपणी जे पाहतो तेच आपल्याला ‘मूळचं’ वाटतं, आणि प्रत्येक पिढीत ते मूळ थोडं थोडं खाली सरकतं. या एका कल्पनेसाठी तरी हे पुस्तक वाचावं.

खुपतं ते

पहिली गोष्ट, ३५०० एकर. हा आकडा पुस्तकात आहे, पण त्याचा विचार फारसा नाही. शेती बंद केल्यावर या कुटुंबाचं उत्पन्न बंद झालं नाही. सरकारी अनुदान आलं, मोकळ्या चरणाऱ्या जनावरांचं मांस विकलं, पर्यटक आले, इस्टेटीवरच्या इमारतींचं भाडं आलं. लेखिका हे लपवत नाही. पण ती हे सगळं कल्पकतेच्या खात्यात टाकते. कल्पकता आहेच, पण त्याच्या खाली वारशानं आलेली, एकाच नावावरची, सलग जमीन आहे.

महाराष्ट्रात नेप कायद्यानंच होऊ शकत नाही. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानुसार एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन जास्तीत जास्त ५४ एकर ठेवता येते. नेप त्याच्या जवळपास पासष्टपट आहे. तो कायदा झाला हे योग्यच झालं. आमच्यासारख्यांच्या नावावर जमीन आली ती कुळकायदा आणि अशा कायद्यांमुळेच. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यात सरासरी खातं १.३४ हेक्टरचं आहे. तेव्हा ‘खाजगी जमिनीवरचं रान’ म्हटलं की आपल्याकडे एक मालक आणि त्याचा निर्णय असं चित्र नसतं. आमच्या सातबाऱ्यावर सात नावं आहेत. त्यातली दोन मुंबईत, एक सुरतेत आणि एक आत्या, जिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे हवेत.

दुसरी गोष्ट, शेजारी. ते पुस्तकात येतात ते मुख्यतः तक्रारी घेऊन. जमिनीची नासाडी केली, तण पसरवलं, अन्न पिकवायचं सोडून दिलं. लेखिका त्यामागचं कारण समजून घेते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये इंच इंच जमीन पिकवणं ही देशसेवा होती, तो संस्कार अजून आहे. पण समजून घेतल्यावर ती लगेच पुरावे मांडून त्यांना खोडून काढायला लागते. शास्त्रज्ञांशी ती तासन्‌तास बोलते, त्यांच्यासोबत फिरते. शेजारच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर मात्र ती बसलेली मला दिसली नाही. त्यामुळे वाचणारा आधीच तिच्या बाजूला असतो, आणि जो नाही त्याच्यासाठी पुस्तकात खुर्ची नाही. माझे काका या पुस्तकात गेले असते तर एक तक्रारपत्र होऊन राहिले असते.

सातबारा हाही एक मजकूर आहे

पुस्तक मिटून मी मोबाइलवर आमचा सातबारा उघडला. गाव नमुना सातमध्ये क्षेत्राचा मोठा भाग ‘पोटखराब’. उरलेला वरकस. नमुना बारामध्ये पीक पाहणी. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ मध्ये आलं, त्यात शेतकरी स्वतः नोंद करतो. पीक निवडायचं, फोटो काढायचा. बांधावरच्या झाडांची नोंद करायची सोय आहे. पीक नसेल तर ‘चालू पड’ किंवा ‘कायम पड’.

मी रोज डेटाबेसमध्ये काम करतो. तिथे एक प्राथमिक धडा असतो : रकान्यात काही भरलेलं नसणं म्हणजे शून्य नव्हे. ‘माहीत नाही’ आणि ‘काही नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोग्रामरनं त्यांची गल्लत केली की हिशेब चुकतात. ‘कायम पड’ हा तसाच रिकामा रकाना आहे. महसूल खात्याला तिथे कुठलं पीक नाही एवढंच सांगायचं असतं. पण ते वाचणारा प्रत्येक जण, खाणवाला, तलाठी, काका आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी, ‘इथे काही नाही’ असं वाचतो.

आता त्या रकान्यात काय आहे ते पाहा. पहिला पाऊस पडला की काही दिवसांत कातळाच्या फटींतल्या मातीतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती कोकणपट्टी आणि तिच्या आसपासचा भाग सोडला तर जगात कुठेही नाही. मग पाणी झिरपत असलेल्या जागी सीतेची आसवं आणि दवबिंदू. दोन्ही कीटक खाऊन जगणाऱ्या, कारण कातळावरच्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसतं. शेवटी गवत, आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा उघडा कातळ. ज्याला आपण माती नसलेली जागा म्हणतो, तिथे माती कमी आहे म्हणूनच हे सगळं आहे.

इथे ‘वाइल्डिंग’ उपयोगी पडतं, पण उलट्या दिशेनं. आपल्याकडे निसर्ग वाचवायचा म्हटलं की लोक खड्डे खणून रोपं लावतात. सड्यावर झाडं लावायची तर सुरुंग लावून कातळ फोडावा लागतो, बाहेरून माती आणून भरावी लागते. हापूसच्या बागा अशाच झाल्या. त्याच पद्धतीनं कोणी देशी झाडांचं जंगल लावलं तरी दीपकाडीच्या दृष्टीनं फरक शून्य. नेपमधून घ्यायचा धडा ‘जंगल वाढवा’ हा नाही. त्या जमिनीचा स्वभाव काय आणि तो कशामुळे टिकलाय हे आधी शोधा, हा आहे. सड्याचा स्वभाव गुरांच्या चरण्यात आणि दरवर्षीच्या गवतकापणीतही असेल. ते काकांना माहीत आहे, मला नाही.

पैशाच्या प्रश्नाला मात्र नेपकडे आमच्या मापाचं उत्तर नाही. थोडंफार उत्तर इथेच सापडतं. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन अगदी थोडी आहे. डोंगरावर हिरवं दिसतं ते बहुतेक खाजगी, आणि जळाऊ लाकडासाठी ते ठरावीक वर्षांनी तोडलं जातं. पुण्याची एईआरएफ ही संस्था सह्याद्रीत अशा मालकांशी करार करते : ठरलेली वर्षं रान तोडायचं नाही, त्याबदल्यात मोबदला. भीमाशंकरच्या बाजूला त्यांनी बेहड्याच्या फळांना चांगला भाव मिळवून दिला, म्हणजे धनेश ज्या झाडांत घरटं करतो ती झाडं उभी राहण्यात मालकाचाही फायदा झाला. हे काम छोटं, चिकाटीचं आणि कागदपत्रांनी भरलेलं आहे. त्यावर अजून कोणी चारशे पानी देखणं पुस्तक लिहिलेलं नाही. ते मराठीत लिहिलं जावं, आणि त्यात सह्या न करणाऱ्या भावंडांचंही एक प्रकरण असावं.

पुढे

जूनमध्ये मी गावी गेलो. काकांना घेऊन सड्यावर गेलो. दीपकाडी दाखवली. त्यांना ती माहीत होती, फक्त नाव माहीत नव्हतं. “गुरं सोडायला यायचो तेव्हा बघायचो,” म्हणाले. मग मी त्यांना नेपची गोष्ट सांगितली. तणाचं आणि फुलपाखरांचं ऐकून ते खूश झाले. ३५०० एकर ऐकल्यावर थांबले.

“सात जणांच्या सह्या कशा मिळवायच्या, ते लिहिलंय का त्यात?”

“नाही.”

“मग आत्याला तू फोन कर.”

मी केला. आत्या चिडली नाही. ऑपरेशनचे पैसे मी आणि चुलतभावानं मिळून घालायचे ठरले आहेत. खाणवाल्याला दिवाळीनंतर कळवतो म्हणून सांगितलंय. सुरतेच्या काकांचं मन अजून खाणीकडेच आहे, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

परवा ई-पीक पाहणी भरली. ‘कायम पड’ निवडलं, कारण दुसरं काही निवडता येत नाही. फुलांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत, तारीख आणि जागेसकट. काकांनी पहिल्यांदाच एक फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, “आपल्या सड्यावरची.”