क्षेत्रीय संशोधनाची ग्रंथसूची : कोयना परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

कराड येथे कृष्णेस मिळणाऱ्या कोयनेचे खोरे हे जीवशास्त्राचे संपन्न अभ्यासक्षेत्र आहे. येथील अभयारण्य १९८५ साली घोषित झाले आणि २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आकारास आला. अशा क्षेत्रावरील शोधनिबंधांची सूची कोणत्या हेतूने ठेवली जाते, यावर तिचे मूल्य अवलंबून असते.

'नॅक' मूल्यांकनासाठी महाविद्यालये जी सूची सिद्ध करतात, तिचा आधार अध्यापक व प्रकाशनवर्ष हा असतो. तिच्यातून संस्थेचे कार्य मोजता येते. स्थळाचा इतिहास मात्र उलगडत नाही. कोयना भेकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सोमण यांनी १९६३ साली त्याचे वर्णन 'बुफो कोयनायेन्सिस' या नावाने केले. २००९ साली बिजू व सहकाऱ्यांनी 'झँथोफ्रीन' ही नवी प्रजाती स्थापन करून तिच्यात त्याचा समावेश केला. केवळ नव्या नावाने शोध घेणाऱ्यास मूळ निबंध सापडेलच असे नाही. २००४ साली गिरी, गॉवर व विल्किन्सन यांनी याच परिसरातून वर्णिलेल्या देवगांडुळाचे नाव 'इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस' आहे; त्यात महाराष्ट्राचा निर्देश आहे, कोयनेचा नाही.

संगणकीय शोधामुळे अशी सूची अनावश्यक ठरते, हा युक्तिवाद अपुरा आहे. संगणक शब्द शोधतो. बदललेली नामे, गावांच्या नावांची भिन्न लेखने आणि ग्रंथालयांतील अप्रकाशित प्रबंध त्याच्या कक्षेबाहेर राहू शकतात. अमेरिकेतील हबर्ड ब्रुक येथे १९६३ पासून ओढ्यांच्या पाण्याच्या सलग नोंदी ठेवल्या गेल्या. तेथील आम्लवर्षेचे निष्कर्ष या सातत्यावरच उभे राहिले. त्या केंद्राने आपल्या प्रकाशनांची सूचीही जपली, म्हणून नव्या अभ्यासकास पूर्वसूरींचे काम एकत्र हाती लागते.

सारांश, सूचीतील प्रत्येक नोंदीत निरीक्षणाचे गाव, निरीक्षणाची तारीख, जातीचे तत्कालीन व प्रचलित नाव आणि नमुना जेथे जतन केला आहे ते स्थान असणे अगत्याचे आहे. एखादा प्राणी पूर्वी कोठे आढळत होता हे ज्ञात नसेल, तर तो घटला की नाही हे सांगता येत नाही आणि संरक्षणाचा निर्णय अंदाजावर विसंबतो. ग्रंथपाल व जीवशास्त्र विभाग यांनी मिळून ही जबाबदारी स्वीकारल्यास सूची मूल्यांकनाच्या कागदांपुरती न उरता परिसराची स्मृती ठरेल.