ऐकणं आणि ऐकून घेणं : सिनोडच्या अंतिम दस्तऐवजाची समीक्षा

२६ ऑक्टोबर २०२४ रोजी रोममध्ये सिनोडचा अंतिम दस्तऐवज संमत झाला. पोप फ्रान्सिस यांनी त्यावर स्वतःचं वेगळं पत्र न काढता तोच मजकूर ख्रिस्तसभेच्या हाती दिला. त्याचं स्वागत भरपूर झालं आहे. आज आम्ही त्याची चिकित्सा करणार आहोत, आणि तीही एकाच प्रश्नापुरती. या दस्तऐवजात 'ऐकणं' म्हणजे नेमकं काय?

आधी शब्द पाहू. 'सिनोड' हा ग्रीक शब्द. 'सिन' म्हणजे सोबत, 'होडोस' म्हणजे वाट. सोबतीनं वाट चालणं. मराठी माणसाला लगेच दिंडी आठवते. पण दिंडीचं पंढरपूर ठरलेलं असतं आणि मुक्कामही ठरलेले असतात. सिनोडमध्ये पुढचा मुक्काम कोणता, हे चालणाऱ्यांनी मिळून शोधायचं असतं. त्यामुळे बोलणं आणि ऐकणं हाच इथला मुख्य व्यवहार ठरतो.

आता आपली भाषा बघा. 'त्यांनी आमचं ऐकून घेतलं' आणि 'त्यांनी आमचं ऐकलं' या दोन वाक्यांत किती अंतर आहे! पहिल्यात सौजन्य आहे. दुसऱ्यात आपल्या बोलण्याचा निर्णयावर परिणाम झाला आहे. सिनोडविषयीची सगळी चर्चा या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी अडकलेली आहे, असं आमचं मत आहे.

हा भेद पाश्चात्त्य विचारातही सापडतो. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५९ मध्ये, धर्मसिद्धांताच्या बाबतीत श्रद्धावंतांचा सल्ला घेण्याविषयी एक गाजलेला निबंध लिहिला. तिथे ते म्हणतात की वैद्य रुग्णाची नाडी बघतो, त्या अर्थानेही सल्ला घेता येतो. नाडी खरी माहिती देते, पण नाडीला कुणी मत विचारत नाही. मात्र न्यूमन तिथेच थांबत नाहीत. चौथ्या शतकात एरियन वादात अनेक बिशप डळमळले, तेव्हा सामान्य श्रद्धावंतांनी श्रद्धा टिकवली, हे ते इतिहासातून दाखवतात. म्हणजे प्रापंचिक हे केवळ नाडी नव्हेत, ते साक्षीदार आहेत. आणि साक्षीदाराची साक्ष नाकारायची तर कारण द्यावं लागतं.

दुसरा धडा आपल्याच देशातला, आणि त्याचा संबंध गोव्याशी आहे. जून १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांनी केरळात उदयम्पेरूर इथे सिनोड भरवलं. दीडशेहून अधिक स्थानिक धर्मगुरू आणि सहाशेहून अधिक प्रापंचिक हजर होते. प्रापंचिकांचं हे प्रमाण आजच्या रोमलाही लाजवणारं! पण ठरावांचे मसुदे आर्चबिशपांकडे आधीच तयार होते. संत थोमाच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांच्या प्रथा आणि सिरियाक ग्रंथ दोषी ठरवले गेले. लोक जमले, त्यांनी सह्या केल्या, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. दबलेला असंतोष वाढत गेला आणि १६५३ मध्ये मट्टानचेरीला कूनन क्रूसाची शपथ झाली. तो समाज दुभंगला, तो आजतागायत. तेव्हा किती लोक जमले, यावरून सिनोडची परीक्षा होत नाही.

या कसोटीवर २०२४ चा दस्तऐवज कुठे उभा राहतो? तो नक्कीच पुढे गेला आहे. पॉल सहावे यांनी १९६५ मध्ये स्थापलेलं सिनोड बिशपांचं होतं. २०२३ च्या सत्रात प्रापंचिकांना आणि पन्नासहून अधिक स्त्रियांना मताधिकार मिळाला. सर्व जण गोल टेबलांभोवती बसले. दस्तऐवज सांगतो की सल्लामसलतीतून सहमती झाली असेल, तर अधिकारावरील व्यक्तीने सबळ कारणाशिवाय तिच्यापासून दूर जाऊ नये, आणि ते कारण मांडावं. हे वाक्य आम्हाला या दस्तऐवजाचं हृदय वाटतं.

पण कारण दिलंच नाही तर? तिथे दस्तऐवज गप्प होतो. कॅनन ५३६ नुसार धर्मग्रामाची पालकीय परिषद बिशपांना योग्य वाटली तरच सक्तीची, आणि तिचं मत केवळ सल्ल्यापुरतं. कॅनन ५३७ नुसार अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात हवीच. म्हणजे पैशाचा हिशेब सांभाळायला माणसं अनिवार्य, आणि धर्मग्रामाची दिशा ठरवायला ऐच्छिक! या परिषदा सक्तीच्या कराव्यात, कायदा तपासावा, असं दस्तऐवज म्हणतो खरा. पण शिफारस म्हणजे नियम नव्हे.

स्त्रियांच्या डीकनपदाचंही तसंच झालं. जगभरच्या चर्चांत आलेला हा प्रश्न दुसऱ्या सत्राआधीच अभ्यासगटाकडे गेला. तो खुला आहे, एवढंच सांगणाऱ्या साठाव्या परिच्छेदाला २५८ विरुद्ध ९७ अशी मतं पडली. इतका विरोध दुसऱ्या कुठल्याच परिच्छेदाला झाला नाही. प्रश्न अभ्यासाला देणं गैर नाही. ज्या सभेनं तो ऐकला, तिच्याच हातून तो काढून घेणं हे मात्र खटकतं.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ख्रिस्तसभा ही संसद नव्हे, बहुमतानं सत्य ठरत नाही. मान्य! पण आम्ही मतमोजणी मागत नाही, आम्ही कारण मागतो. कारण देणाऱ्याचा अधिकार कमी होत नाही. उलट, समोरचा माणूस विचार करू शकतो, त्याच्यातही पवित्र आत्मा कार्य करतो, हे तो कारण देऊन मान्य करतो. जेरुसलेमच्या सभेची हकिकत प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात पुन्हा वाचा. तिथे पुष्कळ वाद होतो, अनुभव सांगितले जातात. याकोब निर्णय मांडतो तो कारणांसह, आणि मग तो लेखी कळवला जातो.

अंमलबजावणीचा टप्पा ऑक्टोबर २०२८ च्या सभेपर्यंत चालणार आहे. रोमच्या कायद्याची वाट न पाहताही काही करता येईल. आपल्या धर्मग्रामात परिषद आहे का? तिनं दिलेल्या सूचनांपैकी कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाहीत आणि का, हे वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचलं जातं का? कॅनन लॉमध्ये याला कुठेही मनाई नाही. प्रमुख धर्मगुरूंची तयारी आणि लोकांचा आग्रह, एवढंच लागतं. हा आग्रह नम्रपणे, पण दरवर्षी धरावा, असं आम्ही सुचवतो. आता आपले प्रश्न घेऊ.