छेदात काय दडले आहे?

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला. तो १९९३ साली बाजारात आला आणि २०१९ साली ‘अरीना’ ही त्याची संगणकीय आवृत्ती रीतसर प्रसिद्ध झाली. रमी किंवा ब्रिजप्रमाणे इथे सर्वांचा एकच ठरलेला कॅट नसतो. ‘ड्राफ्ट’ या प्रकारात खेळाडू पाकिटातून एक पान निवडतो, उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो, आणि जमलेल्या पानांतून ४० पानांचा स्वतःचा कॅट बांधतो. त्यांपैकी साधारण १७ पाने ‘जमिनी’ची असतात. इतर पाने खेळण्यासाठी लागणारी शक्ती त्यांतून मिळते.

यावरूनच ‘सेव्हन्टीन लँड्स’ या आकडेवारीच्या सेवेचे नाव पडले. आपल्या सदस्यांचे डाव नोंदवून ती प्रत्येक पानापुढे जिंकलेल्या डावांची टक्केवारी छापते. पान उचलताना खेळाडू हा तक्ता पाहतात. आणि बहुतेक जण तो गुणपत्रिकेसारखा वाचतात. वरचे पान हुशार, खालचे ढ! माझा आक्षेप तक्त्याला नाही, या वाचनाला आहे. टक्केवारी पानाच्या अंगची नसते, ती छेदात मोजलेल्या डावांची असते.

छेद निवडण्याच्या रीती अनेक आहेत. पान ज्या कॅटमध्ये आहे ते सर्व डाव मोजता येतील. ते प्रत्यक्ष हाती आले तेवढेच मोजता येतील. किंवा खेळले गेले तेवढेच. ‘हार्थस्टोन’ या २०१४ सालच्या दुसऱ्या संगणकीय खेळाच्या तक्त्यांत ही तिसरी रीतही आढळते, आणि तीच सर्वांत फसवी आहे. समजा, एका राक्षसाच्या पानाला आठ जमिनी लागतात. आठवी जमीन पडेपर्यंत जो तगला त्यालाच ते खेळता येते. त्याआधी हरलेल्या डावांत ते हातात नुसते पडून राहते, पण ते डाव छेदात येतच नाहीत! कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून शंभर टक्के निकाल लावणारी शाळा आपल्याला ठाऊक असेल, तर हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

‘हाती आलेले डाव’ ही रीत अधिक न्याय्य वाटते, कारण पान खेळले गेले नाही तरी डाव मोजला जातो. तरीही तिच्यात एक खोच आहे आणि ती सहजी दिसत नाही. झटपट जिंकण्यासाठी बांधलेला एक कॅट घेऊ. समजा, त्याच्या १००० डावांपैकी ६०० लवकर संपले. त्यांत १० पाने पाहिली गेली आणि ४२० डाव जिंकले. उरलेले ४०० लांबले. त्यांत १६ पाने पाहिली गेली, पण जिंकले १४०च. आता या कॅटमध्ये असे एक पान कल्पू की, ज्याचा जय-पराजयावर काडीचाही परिणाम होत नाही. ४० पैकी १० पाने दिसली तर ते हाती येण्याची शक्यता पाव. १६ दिसली तर दोन पंचमांश. म्हणजे ते छोट्या डावांपैकी १५० डावांत हाती आले (विजय १०५) आणि लांबलेल्यांपैकी १६० डावांत (विजय ५६). एकूण ३१० डाव, १६१ विजय : ५१.९ टक्के. हाती न आलेल्या ६९० डावांत विजय ३९९, म्हणजे ५७.८ टक्के. काहीच न करणाऱ्या पानाच्या माथी जवळजवळ ६ टक्क्यांचे नुकसान! दोष पानाचा नाही. हा कॅट लांबलेल्या डावांत हरतो, आणि लांबलेल्या डावांतच जास्त पाने हाती येतात. सावकाश खेळणाऱ्या, लांबलेले डाव जिंकणाऱ्या कॅटमध्ये हेच पान उपकारक ठरले असते.

सेव्हन्टीन लँड्सच्या तक्त्यात ‘हाती आल्याने झालेली सुधारणा’ असा एक रकाना आहे. तो नेमकी हीच वजाबाकी करतो. वेगवेगळ्या चालीच्या कॅटांतील पानांची तुलना त्यावरून करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीच्या सात पानांत असलेल्या डावांचा रकाना या दोषापासून बराचसा मुक्त आहे, कारण तेव्हा डावाची लांबी ठरलेलीच नसते. मात्र एकुलते पान पहिल्या सातांत येण्याची शक्यता ७/४०, म्हणजे १७.५ टक्केच, त्यामुळे डाव कमी मिळतात. ४०० डावांवर काढलेल्या टक्केवारीची प्रमाण त्रुटी सुमारे २.५ असते. दोन पानांतील एका टक्क्याच्या फरकावर वाद घालणाऱ्यांनी आधी डावांची संख्या वाचावी. ती शेजारीच छापलेली असते, हा या तक्त्याचा प्रामाणिकपणा. कच्ची माहितीही सर्वांना खुली ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट. डाव नोंदवण्याची तसदी घेणारे खेळाडू मुळातच सरस असतात. त्यांची सरासरी पन्नास नव्हे, पंचावन्न टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ५३ टक्क्यांचे पान निम्म्याहून अधिक डाव जिंकूनही सरासरीच्या खालचेच!

वरचे गणित वर्गात करून पाहता येईल. नेहमीच्या कॅटमधून राजे, राण्या आणि गुलाम काढले की बरोबर ४० पाने उरतात. चौकटची दुर्री हे आपले निरुपयोगी पान. १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या करा. पहिली चिठ्ठी १२ पर्यंत आली तर डाव छोटा, नाहीतर लांब. ती परत टाकून दुसरी काढा : छोट्या डावात १४ पर्यंत आणि लांब डावात ७ पर्यंत विजय. मग पाने पिसून १० किंवा १६ उलगडा, आणि दुर्री आली का ते नोंदवा. पन्नास मुलांनी वीस-वीस डाव केले की हजार होतात. तेवढ्यानेही फरक बरोबर ६ येईल असे नाही. या फरकाची प्रमाण त्रुटी ३.४ आहे, म्हणून कधी तो २ येईल, कधी ९, क्वचित उलटाही. तीन-चार तुकड्यांचे आकडे एकत्र करावेत आणि प्रत्येक तुकडीचा वेगळा आकडाही फळ्यावर लिहून ठेवावा.