हेल्मेटवरचा डोळा

मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटवर बसवलेल्या चिमुकल्या ॲक्शन कॅमेऱ्याने टिपलेली प्रवासचित्रे मी आवडीने पाहतो. हौस तशी जुनीच; आगगाडीच्या इंजिनावर कॅमेरा बांधून असे चित्रपट १८९० च्या दशकातही काढले जात. ह्या चित्रणाइतके प्रामाणिक दुसरे काही नाही, असे माझे मत होते. कोजागिरीच्या दोन दिवस आधी सोलापूरहून तुळजापूरला जाताना मी स्वतः हा प्रयोग केला, आणि ते मत डळमळले.

वाटेवर अनवाणी भाविकांची रीघ होती. एका म्हाताऱ्याच्या इतक्या जवळून माझी गाडी गेली, की त्याच्या उपरण्याचा पदर माझ्या हाताला लागला. घरी येऊन चित्रण पाहतो, तो म्हातारा चांगला चार हात लांब! रुंद भिंगाने जवळचे दूर लोटले होते. हादरे गाळणाऱ्या यंत्रणेने माझे दचकणेही पुसून टाकले होते. चित्र देखणे झाले होते, ह्यात शंका नाही. परंतु ज्यातून स्वाराची चूकच नाहीशी होते, त्याला साक्ष म्हणावे, की वकिली? कॅमेऱ्याने मला निर्दोष सोडले आहे. ते उपरणे मात्र हाताला अजून जाणवते.