‘स्मृतिचित्रे’ : स्वतःच्या पावलांनी चाललेली वाट

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी सांगताना आपण बहुधा तिच्या साध्या, विनोदी भाषेपाशी थांबतो. ही स्तुती खरी, परंतु अपुरी आहे. १८६८ साली जन्मलेल्या या लेखिकेचा विनोद म्हणजे तिची न्यायबुद्धीच होय. वडिलांचे टोकाचे सोवळे, पतीचा अव्यवहारी उदारपणा आणि स्वतःचे हट्ट ती एकाच तराजूत तोलते.

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. या मधल्या वर्षांतच ग्रंथाचा प्राण आहे. पतीचे धर्मांतर हा विजय म्हणून रंगविण्याचा मोह लेखिकेने टाळला आहे. मागे राहिलेल्या पत्नीचा आकांत ती आडपडदा न ठेवता मांडते. पतीकडे परतल्यावरही तिचे सोवळे सुटत नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, ही उमज तिला स्वतःच्या विचाराने येते. मग श्रद्धेची वाट मोकळी होते.

ख्रिस्ती वाचकाने येथे थबकावे. श्रद्धा कुटुंबप्रमुखाच्या शब्दाने घरात येत नाही; ती ज्याची त्याने स्वीकारावी लागते. टिळकांनी पत्नीवर सक्ती केली नाही, हे त्यांचे मोठेपण. आपला झगडा न सजविता लिहिला, हे लक्ष्मीबाईंचे.

१९३६ साली त्या निवर्तल्या. आपट्यापासून पनवेलपर्यंत आपल्या घरांतील लग्नाच्या आहेरात हे पुस्तक असावे. सुनेइतकेच ते मुलालाही उपयोगी पडेल.