कूट आणि सचोटी

शब्दकोडे हा रिकामपणाचा उद्योग. त्याचा साहित्यविचाराशी संबंध काय, अशी शंका ज्या वाचकांस येईल त्यांचा पक्ष दुबळा नाही. प्रहेलिका रसास विघ्न करते, म्हणून साहित्यदर्पणकार विश्वनाथाने तिला अलंकारांत स्थान नाकारले. उलट दण्डीने काव्यादर्शात तिचे सोळा प्रकार वर्णून रसिकांच्या गोष्ठीतील विनोदास ती उपयोगी पडते, असे म्हटले. हा मतभेद आम्हांस आठवला तो इंग्रजी कूट शब्दकोड्यांच्या निमित्ताने. गेली काही वर्षे आम्ही चारपाच शिक्षक दर रविवारी वाचनालयात ती सोडवीत बसतो.

साध्या कोड्यात समानार्थी शब्द ओळखला की काम संपते. कूट कोड्यातील शोधसूत्राची अंगे दोन: एकात उत्तराचा अर्थ, दुसऱ्यात त्याच्या अक्षरांची घडण, आणि दोन्हींचा सांधा असा बेमालूम की वाक्य भलतेच काही सांगत आहे असे वाटावे. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रात १९२६ पासून पॉविस मॅथर्स यांनी ‘टॉर्केमाडा’ या नावाने हा प्रकार गाजविला. पण त्याला शास्त्राची शिस्त लावली ती दोघा शिक्षकांनी. ‘ॲफ्रिट’ हे नाव घेणारे रिची वेल्स येथील कॅथीड्रल शाळेचे मुख्याध्यापक होते. ‘झिमेनीझ’ म्हणजेच मॅकनट हे अभिजात भाषा शिकवीत. रिची यांनी १९४९ साली मांडलेले व मॅकनट यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात विस्तारलेले तत्त्व थोडक्यात असे: रचनाकाराने सोडविणाऱ्याची दिशाभूल खुशाल करावी, परंतु त्याचे शब्द नीट वाचले असता त्यांतून नेमके उत्तरच निघाले पाहिजे. वाचकांनी रचून पाठविलेल्या सूत्रांचे गुणदोष मॅकनट कारणे देऊन सांगत.

हे तत्त्व मराठीत किती टिकते, हे पाहण्यासाठी आमच्यापैकी एकाने ‘साखर’ या शब्दावर सूत्र केले: ‘साधूचा आरंभ, मागे गाढव, निष्पत्ती मात्र गोड.’ साधूचे आद्याक्षर ‘सा’, गाढव म्हणजे ‘खर’. सर्वजण हसले. मात्र व्याकरण शिकविणाऱ्या एका मित्राने हरकत घेतली. ‘गोड’ हे विशेषण, ‘साखर’ हे नाम. एकाच्या जागी दुसरे कसे बसेल? ‘कळले ना, मग झाले,’ असे रचनाकाराने उत्तर दिले आणि आम्हीही त्याचीच बाजू घेतली. तासभर वाद झाल्यावर शेवटचे पद ‘दुधात विरघळते ती’ असे बदलले, तेव्हा आमची चूक आम्हांस उमगली. ‘कळले ना’ या सबबीवर वर्गात किती ढिसाळ वाक्यांस आम्ही गुण दिले असतील, हा विचार घरी जाताना सुटला नाही.

पुढच्या रविवारी त्याच मित्राने ‘वामन’ हा शब्द घेतला: ‘“नमवा” ही आज्ञा उलटवून बळीसमोर उभा ठाकलेला बटू.’ ‘नमवा’ ही अक्षरे उलट वाचली की ‘वामन’ होते. येथे अक्षरांचा खेळ आणि पुराणातील कथा एकमेकांस बाध आणीत नाहीत. याचक दिसणाराच नमविणारा ठरला, हा कथेतील उलटापालटीचा अर्थ अक्षरांनीही सांगितला.

म्हणून विश्वनाथाचा निर्णय खोटा ठरतो, असे आम्ही म्हणणार नाही. या सूत्रात चमत्कार आहे, रस नाही. पण दण्डीने सांगितलेल्या गोष्ठीचे मोल आम्हांस आता अधिक पटते. आपले सूत्र सदोष का, हे मित्राच्या तोंडून ऐकून घेणे आणि त्याला कारणासह उत्तर देणे, ही टीकेचीच पहिली इयत्ता होय. आमच्या शिक्षकबंधूंनी वरच्या वर्गांतील मुलांकडून आठवड्यास एक तरी सूत्र रचून घ्यावे, आणि मुलांनी चूक दाखविल्यास ती मान्य करण्याची तयारी ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.